येरमाळ्याला न आलेला पाव्हणा

"यंदा थंडीत कुठं?" हा प्रश्न आमच्या सोसायटीत दिवाळीचा फराळ संपायच्या आत सुरू होतो. खालच्या मजल्यावरच्या जोशीबाई कच्छला जातात, समोरचे कुलकर्णी अंदमानला, आणि आमचं निवृत्त बायकांचं टोळकं राजस्थान नाहीतर मध्य प्रदेश गाठतं. प्रत्येकीच्या डोक्याला माकडटोपी, पिशवीत चकल्यांचा डबा, आणि गाडी सुटायच्या आधीच खिडकीवरून भांडण. यंदा मी सांगितलं, "येरमाळा." जोशीबाईंनी विचारलं, "अय्या, हे कुठलं नवं हिल स्टेशन?" मी म्हटलं, "धाराशिव जिल्ह्यात आहे. डोंगर आहे, डोंगरावर देवी आहे आणि खाली माझी सख्खी बहीण आहे." माझं टोळक्याशी काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं.

बिनसलं काही नव्हतं, पण मी हौसेनं निघाले असंही नव्हतं. राजस्थानचं बुकिंग झालेलं होतं, लोकरीचे मोजेसुद्धा नवे घेतले होते. अशात सुनंदाचा फोन आला. सुनंदा म्हणजे माझ्या आक्काची सून.

"मावशी, तुमी या बगा. मामंजी कुणाचंच ऐकनात. तुमाला जरा भेत्यात."

मामंजी म्हणजे तिचे सासरे, आक्काचे यजमान, आमचे दाजी. दाजींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा इतका वाढलेला की बार्शीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा हिवाळा घालवलात तर त्या डोळ्याची खात्री नाही. दाजींचं म्हणणं, मोतीबिंदू पिकू द्यावा, कच्चं फळ कुणी तोडतं का? शेवटी दसऱ्याला घरच्यांनी फारच धरलं, तेव्हा त्यांनी देवीच्या पायरीला हात लावून येडाईची आण घेतली की पाव्हणा आला की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो.

"मग? अजून आला नाही का पाव्हणा?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं अंगणात नाचतंय ते! मामंजीलाच दिसंना. आन् दिसंना म्हणून म्हणत्यात, आलाच न्हाय."

"अगं, पण पाव्हणा कोण?"

"पाखरू हो, मावशी. चिमणीएवढं. दरसाल थंडीला येतंय."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. चिमणीएवढ्या पाखरापायी माणसाचा डोळा चाललाय, आणि त्यापायी मी उदयपूर सोडायचं! पण आक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलंय. चिडत चिडतच मोजे पिशवीत कोंबले आणि निघाले.

येडशी

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. शेजारचा माणूस घोरत होता आणि मी त्याला कोपर मारत होते, इतकंच. येडशीला उतरले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. फलाटावर एक पांढरा-करडा धोबी पक्षी लगबगीनं फिरत होता. दोन पावलं पळायचा, थांबायचा, शेपूट खालीवर करायचा आणि मागं बघायचा. आमच्या सहलीचा मॅनेजर अगदी असाच चालतो. पुढं पळत जातो आणि आम्ही मागं आहोत की बांगड्यांच्या दुकानात शिरलो ते बघतो.

"ह्ये बी थंडीपुरतंच येतंय, मावशी," असं म्हणत महादेवनं माझी पिशवी उचलली. महादेव म्हणजे आक्काचा मुलगा, सुनंदाचा नवरा. पिकअप घेऊन न्यायला आला होता. "आदी च्या घिऊ. घरी गेल्यावर बाबा बोलू द्यायचे न्हाईत."

स्टेशनबाहेरचा चहा पुण्याच्या चहापेक्षा गोड आणि पेला निम्मा. मी दोन घेतले. महादेवचा चेहरा उतरलेला होता. डॉक्टरांनी पुन्हा निरोप पाठवला होता, आणि बाबांपुढं तो विषय काढला की ते उठून शेतात जात होते.

"जबरदस्तीनं न्यायचं," मी म्हटलं.

"देवीची आण हाय, मावशी. आन् बाबांना उचलून कोण न्यायचं? तुमी न्हेता का?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, कंबरेच्या वर गेला होता, कुठं कणसं बाहेर पडली होती. मध्येच तुरीचा पिवळा पट्टा, मग हरभरा. थंडी अशी कोरडी की ओठ तडकले. वरून मोठ्यानं ओरडत पाखरांची एक लांब रांग गेली. महादेवनं गाडीतून मान बाहेर काढून बघितलं. "करकोचे. उजनीकडं चाललेत. आपल्याकडं उतरत न्हाईत." पुण्याहून येणाऱ्या वातानुकूलित बसचं तेच आहे. येरमाळ्यावरून झपकन जाते, थांबायचं नाव नाही.

येरमाळा

आक्काचं घर गावात नाही, रानात आहे. चार खोल्या, वर स्लॅब, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा आणि कडब्याची गंज. पिकअपचा आवाज ऐकून दाजी बाजेवरून उठले. ताठ उंच माणूस, डोक्याला पांढरी टोपी. मी दहा पावलांवर असतानाच त्यांनी हाक मारली, "या, सुमनबाई, या! लई दिसांनी! केस पार पांढरं झालं की तुमचं!"

मी आदल्याच आठवड्यात केस काळेभोर करून घेतले होते. आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी आक्काकडं बघितलं, आणि दोघींनीही हसू गिळलं. पण घरात गेल्यावर आक्काचा हात माझ्या हातात आला तो सुटेना.

"अंदाजानं बोलत्यात गं सगळं," ती हळूच म्हणाली. "पायाच्या आवाजावरनं माणूस वळकत्यात. परवा म्हशीला म्हादेव समजून बोलत हुते. हसू का रडू?"

सकाळी मी शाल गुंडाळून बाहेर आले, तर दाजींचं काम चालू होतं. गोठ्याच्या कडेला वाळत घातलेल्या गवऱ्या होत्या. दाजी त्यातल्या दोन-चार वाकून हातानं चाचपत उलथ्या करत होते. गवरीखाली ओल असते, तिथं किडे असतात, आणि ते किडे म्हणजे पाव्हण्याची न्याहारी. दरवर्षी थंडी पडली की रोज सकाळी हे काम ठरलेलं. यंदाही त्यांनी ते सोडलं नव्हतं. गवऱ्या उलथ्या करून ते बाजेवर बसले आणि समोर बघत म्हणाले, "न्हाय आला आजबी."

आणि तेव्हाच गोठ्याच्या मेढीवरून, छपराच्या लाकडी खांबावरून, ते पाखरू उतरलं. मातकट रंगाचं, चिमणीपेक्षा सडपातळ, शेपटी मात्र विटेच्या रंगाची आणि ती सारखी थरथरणारी, थंडी वाजल्यासारखी. दाजींच्या पायाच्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर त्यानं एक किडा उचलला.

"दाजी, तो काय! तुमच्या पायाशी!"

"कुठं?"

"अहो, इथं! उजव्या पायापाशी!"

दाजींनी पायाकडं मान वळवली. पाखरू त्यांच्याकडं बघत होतं, ते पाखराच्या पलीकडं बघत होते. मग ते मोठ्यानं हसले. "सुनंदीनं पढवून ठिवलंय व्हय तुमाला? सगळ्यांनी मिळून मला दवाखान्यात घालायचं ठरीवलंय. पाव्हणा आला आन् मला दिसला न्हाय, आसं व्हईल का?"

आता बोला! पाखरू दिसत नाही म्हणून डोळ्याचा इलाज हवा, आणि दिसत नाही म्हणूनच इलाज करायचा नाही. मी तावातावानं दोन वाक्यं बोलले, त्यांनी तंबाखूची चिमूट मळली.

"आणि एवढी अट घालायचीच कशाला म्हणते मी!"

"सुमनबाई, डाक्टर म्हणतोय, म्हैनाभर वाकायचं न्हाय, धुळीत जायाचं न्हाय. मग पाव्हणा आल्यावर त्याचं कोण बघायचं? कुणाकुणाच्या मुलखातनं येतंय ते, डोंगर वलांडून. त्याला बशीवल्याबिगर घर सोडायचं व्हय? तुमी सोडता?"

मी सोडते. आमच्याकडं पाहुणे यायचे असले की आम्ही महाबळेश्वरला जातो.

मग त्यांनी पाव्हण्याचं वर्णन केलं. छाती काळी कुळकुळीत, पोट तांबडं, चाल रुबाबदार. इतकी वर्षं तोच येतो, त्याच मेढीवर बसतो, दुसरं कुणी आलं तर हाकलून लावतो. ऐकून मी आत गेले आणि आक्काला विचारलं, "हे काळा म्हणतायत, मला तर ते मातकट दिसलं."

"एवढ्या लांबनं आलंय, उन्हातानाचं. रंग उतरला आसंल." आक्का भाकरी थापत म्हणाली. मला पटलं. जैसलमेरहून आले तेव्हा मलाही आमच्या वॉचमननं ओळखलं नव्हतं.

त्या दिवसांत खाण्याची मात्र चंगळ होती. धपाटे, त्यावर लोण्याचा गोळा, शेंगदाण्याची झणझणीत चटणी, दुपारी अंबाडीची भाजी. मी वजनाची काळजी करते म्हटल्यावर सुनंदा म्हणाली, "मावशी, परत जायाला ताकद नगं का? पाखरंबी जाताना खाऊनच जात्यात." शाळवावर भोरड्यांचे थवे पडत होते. ही पळसमैना जातीची गुलाबी-काळी पाखरं. त्यांना बघून मला आमच्या सहलीची पहिली सकाळ आठवली, नाश्त्याला दार उघडल्यावरची. तोच गलबला, तीच झुंबड, निम्मं खायचं, निम्मं सांडायचं, आणि कुणीतरी हाकललं की सगळ्यांनी मिळून तक्रार करायची.

दाजी बांधावर उभं राहून आवाजाच्या अंदाजानं गोफण फिरवायचे. त्यांच्या गोफणीचं पंचक्रोशीत नाव. पाखराला न लागता पाखरू उठलं पाहिजे, अशी त्यांची नेमबाजी. "आयुष्यात एक पाखरू मारलं न्हाय," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हल्ली दगड कुठं जातात ते कुणी त्यांना सांगत नव्हतं.

रामलिंग

येळवसेच्या सणाआधी दाजींनी मला रामलिंग दाखवायचं ठरवलं. महादेव गाडी घेऊन आला. येडशीच्या अभयारण्यात दरीत उतरून जायचं, पायऱ्या बऱ्याच आणि दोन्ही बाजूंना झाडी. पावसाळ्यात इथला धबधबा कोसळतो म्हणतात. आत्ता ओढ्यात पाणी जेमतेम होतं. रावणाशी लढून जटायू पडला तो इथंच, अशी इथली श्रद्धा. दाजी दर्शन घेऊन म्हणाले, "पाखरू हुतं बगा त्ये. दुसऱ्याच्या बाईमाणसासाठी जीव दिला. आन् मानसं सोताच्या मेव्हणीला चार दिस ठिवून घेत न्हाईत."

"मी कुठं म्हणते मला हाकललंत म्हणून!" मी म्हटलं, आणि प्रसादाचं खोबरं तोंडात टाकणार तेवढ्यात एक माकड भिंतीवरून उतरलं. त्याला खोबरं नको होतं. त्यानं माझा चष्मा काढला, अगदी सराईतपणे, दोन्ही कानांवरून, आणि झाडावर जाऊन बसलं. मी किंचाळले. महादेवनं शेंगा टाकल्या, केळं दाखवलं. माकडानं केळं घेतलं आणि चष्मा पलीकडच्या घळीत सोडून दिला.

जाड भिंगाचा चष्मा माझा. तो नाही म्हटल्यावर पायऱ्या, झाडं, माणसं सगळं एकात एक कालवल्यासारखं झालं. महादेव चष्मा शोधायला घळीकडं गेला. वर चढायचं तर होतंच. दाजींनी हात पुढं केला, मी धरला. बघणाऱ्याला वाटलं असेल, हे सद्गृहस्थ बाईंना आधार देतायत. दाजींना वाटत होतं ते मला नेतायत, मला वाटत होतं मी त्यांना. दोघंही पायानं पायरी चाचपत होतो. एका पायरीवर काळा दगड दिसला म्हणून मी त्यावर टेकायला गेले, तर ती शेळी निघाली. ती बें बें करत पळाली.

"दाजी, मला काही म्हणजे काही दिसत नाही हो," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"व्हऊन जाती सवय," दाजी म्हणाले.

बोलून गेले ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांचा हात माझ्या हातात जरा घट्ट झाला. एरवी मी अशी संधी सोडत नाही, पण त्या पायऱ्यांवर मी फक्त पुढची पायरी चाचपली. माणूस रोज उठून हे असं धूसर जग चाचपतो आणि वर हसून दाखवतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

चष्मा मिळाला नाही. पिशवीत जुन्या नंबरचा एक होता, तो लावला. त्यातून माणसं ओळखू यायची, नाकडोळे नाही.

येळवस

मार्गशीर्षातल्या अमावास्येला इकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात. पुण्या-मुंबईला गेलेली पोरंही या दिवसाला येतात. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी चालेल, येळवसेला पाहिजे. सकाळपासून रस्त्यानं एमएच बारा नंबरच्या गाड्या येत होत्या. माझ्या मनात आलं, आपण थंडीत घरापासून लांब पळतो आणि हे थंडीत घराकडं येतात.

शाळवात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली. कोप म्हणजे खोपी, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं नवं लुगडं, दिवा आणि मोठ्या मडक्यात आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली ही आंबील आदल्या दिवसापासून मुरत असते. शिवाय बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, मिळेल ते हिरवं बेसनात शिजवलेली भाजी. मी तीनदा घेतली. महादेव आंबील शिंपडत आणि आरोळ्या देत शेताला फेरी मारून आला. आरोळीतले निम्मे शब्द कानडी, त्यांचा अर्थ कुणालाच सांगता येईना, पण सगळे ओरडत होते.

पुण्यात कुणाकडं जायचं तर आधी फोन, मग "चार ते सहा या, नंतर आम्हाला बाहेर जायचंय." इथं महादेव हमरस्त्यावर उभा राहून मोटारसायकली अडवत होता. ओळख ना पाळख, हात धरून कोपीत आणायचा. एक औषधकंपनीचा माणूस टाय लावून उंडे खात बसला होता.

पंगत रंगात आली आणि शाळवावर भोरड्या पडल्या. मोठा थवा. त्यांचा कालवा ऐकून दाजी ताडकन उठले.

"आहो, ऱ्हाऊ द्या आज! सणाचं खाऊ द्या त्यांनाबी!" आक्का ओरडली. पण इतक्या पाहुण्यांपुढं गोफण दाखवायची संधी दाजी कशी सोडतील? बांधावर गेले, दगड घातला, गोफण डोक्याभोवती गरगरवली. तेवढ्यात थवा उठला आणि कोपीवरून वळला. दाजी आवाजाबरोबर वळले आणि दगड सुटला.

मडकं फुटल्याचा आवाज झाला. आक्का खाली बसून, वाकून त्याच मडक्यातून आंबील काढत होती. खापऱ्या तिच्या मांडीवर आल्या, आंबील पांडवांवरून वाहत सुटली. दगड तिच्या कपाळापासून वीतभर अंतरानं गेला होता.

आक्का तशीच वाकलेली राहिली. मग उठली, पदरावरची आंबील झटकली आणि बांधाकडं बघत म्हणाली, "माजं डोस्कं फुटलं आसतं, तर कुणाला सांगितलं आसतं हो, पाव्हणा आला न्हाय म्हणून?"

एवढंच. मग तिनं सुनंदाला दुसरं भांडं आणायला सांगितलं आणि टायवाल्याला खीर वाढली.

पंगत उठली, माणसं पांगली. दाजी बांधावरच बसून होते, गोफण मांडीवर. मी जाऊन शेजारी बसले. सांत्वन करायचं की झापायचं, माझं ठरत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "लागलं का तिला?"

"नाही. भ्याली आहे."

"सुमनबाई, तुमाला येडाईची आण. खरं सांगा. पाव्हणा आलाय?"

"आलाय."

"कवा?"

"दिवाळीपासून. रोज येतो. तुमच्या पायाशी खातो."

"आत्ता हाय का हितं?"

मी जुन्या चष्म्यातून इकडं तिकडं बघितलं. होतं. आमच्यापुढं बांधाच्या एका दगडावर ते ठिपक्याएवढं बसलं होतं, आणि शेपटी थरथरत होती तेवढी कळत होती. "हा काय समोर, दगडावर. शेपूट हलवतोय."

दाजींनी तिकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मला दगडबी दिसत न्हाय," ते म्हणाले.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवून काय उपयोग, त्यांना कुठं दिसणार होतं. त्यांनी गोफण गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "म्हादेवाला सांगा, उद्या गाडी काढ म्हणावं."

बार्शी, आणि परत

शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून तयार. दवाखान्यात तपासण्या झाल्या, डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, आणखी थांबला असतात तर अवघड होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं. आक्का बाकावर बसून येडाईचं नाव घेत होती आणि मध्येच मला म्हणत होती, "खोटं न्हाय न्हवं निगालं काय आपल्याकडनं? पाव्हणा आलाय न्हवं खराच?" मी म्हटलं, रोज बघतेस की तू!

पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, घरी आलो. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी बाजेवर बसले. आम्ही सगळे आजूबाजूला, तोंडांवर उत्सुकता. मीसुद्धा चहा न घेता उभी, यावरून काय ते समजा.

पाखरू मेढीवर आलं. दाजींनी काळा चष्मा कपाळावर सारला. आक्का "आहो, आहो" म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. ते पाखराकडं बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. मग हळूहळू त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"ह्यो पाव्हणा न्हाय."

"आता काय झालं आनि?" आक्का वैतागली. "दिसतंय न्हवं?"

"दिसतंय म्हणूनच सांगतोय. आपला पाव्हणा काळा. ही मातकट हाय. ही मादी हाय, दुसरीच. पयल्यांदाच आलीय."

मी आक्काकडं बघितलं. मला पहिल्या सकाळचा तो प्रश्न आठवला आणि उतरलेला रंगही. सुनंदानं तोंडाला पदर लावला.

"दिवाळीपासनं म्या काय सांगत हुतो?" दाजी म्हणाले. "पाव्हणा आला न्हाय. आन् तुमी सगळ्यांनी, धडधाकट डोळं आसून, मला सांगितलं आलाय."

दाजी हसले नाहीत. ते गोठ्याच्या मेढीकडं बघत होते.

"म्हंजी त्यो न्हायच आला," ते हळू म्हणाले. "वाटंत काय झालं आसंल. वयबी झालं हुतं त्याचं." इतकी वर्षं ज्याची न्याहारी मांडली तो आता येणार नाही, हे त्यांना कळलं ते चांगल्या डोळ्यानं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आक्काच्या मनात मात्र दुसरंच होतं. पाव्हणा न येताच ऑपरेशन झालं, म्हणजे आण मोडली होती, आणि डावा डोळा अजून बाकी होता. तिनं माझा हात घट्ट धरला. विचारायचं धाडस तिला होईना.

दाजी उठले आणि सवयीनं गवऱ्यांकडं वाकायला गेले. सुनंदा ओरडली, "मामंजी, वाकू नगा!" ते थांबले. मग माझ्याकडं वळले, माझ्या केसांकडं बघितलं, आणि पहिल्यांदा थोडं हसले. "केस काळं केलंत व्हय? बरं दिसतंय. सुमनबाई, तेवढी गवरी उलथी करा. तिला काय म्हाईत, ती कुणाच्या जागंवर आलीय."

मी आयुष्यात शेणाला हात लावलेला नाही. लावला. गवरी उलटली, खालून किडे पळाले, आणि मी दोन पावलं मागं झाले. पाखरू मेढीवरून उतरलं, शेपूट थरथरवत इकडं तिकडं बघितलं आणि टिपायला लागलं. दाजी उभ्या उभ्या बघत होते, एकेका हालचालीकडं, पोट भरेपर्यंत.

"म्हादेवा," ते म्हणाले, "डाव्या डोळ्याचं कवा म्हणलाय डाक्टर?"

"म्हैन्यानं, बाबा."

"आन् तुमची आण?" आक्कानं शेवटी विचारलं. "त्यो पाव्हणा तर आला न्हाय."

"ही आलीय न्हवं," दाजी म्हणाले. "हिच्या नावानं जाऊ."